सुरतेच्या धुराचा बाजार

सुरत हे नाव कानी पडले की मराठी वाचकाच्या मनात सहसा दोन चित्रे उभी राहतात. पहिले १६६४ आणि १६७० या सालांतील शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांचे. दुसरे १९०७ च्या डिसेंबरातील काँग्रेसच्या मंडपाचे, जेथे लोकमान्य व्यासपीठावर उभे असता जोडा भिरकावला गेला आणि जहाल व मवाळ यांची फारकत झाली. दोन्ही प्रसंगी मराठी माणूस सुरतेस गेला आणि काम आटोपून परतला. पुढे मात्र तो तेथेच राहिला. भुसावळहून तापीच्या खोऱ्याने उतरणाऱ्या रेल्वेने खानदेशातील हजारो कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत येऊन स्थिरावली. मागावर, रंगाईच्या हौदावर आणि बॉयलरच्या तोंडाशी आज जी माणसे उभी असतात, त्यांतील पुष्कळांची घरची बोली अहिराणी आहे. म्हणून सुरतेच्या धुराविषयी लिहिणे हे परक्या गावाविषयी लिहिणे नव्हे.

या गावाचे जुने नाव सूर्यपूर असे सांगतात. ज्या तापीच्या काठी ते वसले, ती तर साक्षात सूर्यकन्या. महाभारतातील तपती ती हीच, संवरणाची पत्नी आणि कुरूची माता. आषाढ शुद्ध सप्तमीस तिचा जन्मदिवस मानून सुरतकर तिला चुनडी अर्पण करतात. गावातील अश्विनीकुमार घाटाचे नावही सूर्यपुत्रांचेच, आणि तेथील तीन पानांच्या वडाशी लोककथेने कर्णाचे दहन जोडून ठेवले आहे. तोही सूर्याचाच मुलगा. इतकी सूर्याची सोयरीक असलेल्या नगरीची चूल मात्र पेटते ती कोळशावर. हा विरोध आम्ही केवळ अलंकार म्हणून मांडत नाही. पांडेसरा, सचिन, पलसाणा या भागांतून जाणाऱ्या कोणासही धुराड्यांची रांग दिसते. ही धुराडी वीज निर्माण करण्यासाठी नाहीत, ती वाफेसाठी आहेत, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. कारण स्वच्छ ऊर्जेविषयीची आपल्याकडील बहुतेक भाषणे येथेच घसरतात.

सुरतेचे कापड प्रामुख्याने कृत्रिम धाग्याचे. पॉलिएस्टरच्या तंतूत रंग सहजी शिरत नाही. त्यास बंद पात्रात दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. रंगवून झाले की तेच कापड ताणून, सुमारे १८० ते २०० अंशांच्या उष्ण हवेतून नेऊन त्याची रुंदी कायम करतात. पहिल्या कामास वाफ लागते, दुसऱ्यास तापवलेले तेल फिरवणारी भट्टी. दोन्हींच्या पोटात जातो तो आयात केलेला कोळसा अथवा गुजरातेतील खाणींतील लिग्नाइट. तडकेश्वरची लिग्नाइटची खाण तर सुरत जिल्ह्यातच आहे. छपरावर चार काचफलक बसवले म्हणजे गिरणी ‘हरित’ झाली असे मानणाऱ्यांनी ही उष्णतेची गरज कधी मोजलेली नसते. त्या फलकांवर दिवे लागतात, पंखे फिरतात, यंत्रमागही चालतात. रंगाईचा हौद मात्र कोळशावरच उकळत राहतो.

अशा या गावी २०१९ साली एक प्रयोग सुरू झाला आणि त्याचा वृत्तांत २०२५ साली ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या अर्थशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन हे त्याचे चार कर्ते. विकसनशील देशांत प्रदूषणाचा बाजार चालू शकतो काय, हा त्यांच्या प्रबंधाचा प्रश्न. धुरातील धूलिकणांसाठी असा बाजार जगात प्रथम सुरतेतच भरला. प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रबंध आणि त्यामागील योजना. अर्थशास्त्राच्या प्रबंधाचे परीक्षण एका सांस्कृतिक मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच की पाप, दंड, प्रायश्चित्त आणि हिशेब या चार गोष्टींचा हा विषय आहे, आणि त्या आपल्या घरच्या आहेत.

या कथेचा पूर्वार्ध सांगितल्यावाचून उत्तरार्ध कळणार नाही. गुजरातेत कारखान्यांच्या प्रदूषणाची तपासणी खासगी लेखापरीक्षकांकडून करवून घेण्याची पद्धत होती. परीक्षक नेमायचा कारखान्याने, त्याचे शुल्क द्यायचे कारखान्याने, आणि त्याने अहवाल पाठवायचा सरकारी मंडळाकडे. परिणाम काय झाला असेल तो चतुर वाचक ओळखील. २००९ ते २०११ या काळात अहमदाबाद आणि सुरत येथील कारखान्यांत एस्थर डुफ्लो यांनी ग्रीनस्टोन, पांडे आणि रायन यांच्यासह याची परीक्षा घेतली. परीक्षकांच्या अहवालातील आकडे कायद्याच्या मर्यादेच्या किंचित खाली दाटीने बसलेले आढळले. प्रत्यक्ष मोजणीत त्याच धुराड्यांतून कितीतरी अधिक धूर निघत होता. मग काही कारखान्यांपुरती पद्धत बदलली. परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमला, त्याचे शुल्क सामाईक निधीतून ठरावीक दराने दिले आणि त्याच्या मोजणीची अधूनमधून फेरतपासणी केली. अहवाल खरे येऊ लागले. त्याहून विशेष हे की कारखान्यांनी धूरही कमी केला. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच हातून विडा घेणारा तपासनीस काय तपासणार? देवस्थानांचा कारभार जवळून पाहिलेल्या महाजनांस हे नव्याने सांगण्याचे कारण नाही.

आता मुख्य योजना. सुरत परिसरातील ३१७ कारखाने, बहुतेक रंगाई-छपाईचे, निवडले गेले. प्रत्येकाच्या धुराड्यात धूलिकण अखंड मोजणारे यंत्र बसवले. मग चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटासाठी जुनाच नियम राहिला: धुराच्या प्रत्येक घनमीटरमागे धूलिकण १५० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नयेत. दुसऱ्या गटासाठी सर्वांनी मिळून किती किलो धूलिकण सोडायचे याची एकूण मर्यादा ठरली, आणि त्या मर्यादेइतकेच परवाने काढले गेले. त्यांतील बहुतांश परवाने कारखान्यांस विनामूल्य वाटले, उरलेले लिलावात विकले. ज्याने धूर कमी केला त्याच्याजवळ परवाने शिल्लक पडत. ते तो विकू शके. ज्यास जमले नाही त्याने ते विकत घ्यावे. भाव फार कोसळू नये वा फार चढू नये म्हणून त्यास खालची व वरची सीमा घातली. प्रत्येक कारखान्याकडून आधीच ठेव घेतली होती. मुदत संपल्यावर ज्याच्या धुराइतके परवाने त्याच्याजवळ नसतील, त्याच्या ठेवीतून कमाल भावाहून चढ्या दराने दंड कापला जाई.

फळ काय मिळाले? बाजारात असलेल्या कारखान्यांचा धूर दुसऱ्या गटाच्या मानाने २० ते ३० टक्क्यांनी उतरला. परवाने जमवून हिशेब पुरा करण्याचे बंधन जवळजवळ सर्वांनी पाळले. याच काळात जुन्या नियमाखालील गटात मर्यादा ओलांडणारे कारखाने पुष्कळ होते. आणि तितकाच धूर आवरण्याचा खर्च बाजारामुळे सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे सरकारी योजनेचे मूल्यमापन बहुधा ती राबवणाराच करतो आणि ते ‘यशस्वी’ असेच असते. येथे चिठ्ठ्यांनी केलेली तुलना आहे, दुसरा गट समोर ठेवलेला आहे, आणि गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्वतःच्या कारभाराची अशी परीक्षा होऊ दिली आहे. या धैर्याची प्रशंसा आम्ही मनापासून करतो.

परंतु प्रशंसेपूर्वी एका आक्षेपाचे निरसन झाले पाहिजे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात तो एव्हाना उठला असेल. धूर सोडणे हे जर पाप, तर त्याचा परवाना विकत कसा मिळावा? पैसेवाल्याने खुशाल काळे ढग सोडावेत आणि हुंडीने ते पांढरे करून घ्यावेत, हा कोठला न्याय?

आपल्या धर्मशास्त्रात या प्रश्नाची फार जुनी चर्चा आहे. कृच्छ्रादी व्रते करण्यास जो असमर्थ, त्यास गोदानाची, आणि गाय नसेल तर तिच्या मूल्याची मुभा निबंधकारांनी दिली. यासच प्रत्याम्नाय म्हणतात. ही मुभा दयेची होती, पण पुढे तिचा उपयोग कसा झाला हे सर्वश्रुत आहे. श्रीमंताचे प्रायश्चित्त मुनिमाच्या वहीत उरकू लागले. सुरतेचा बाजार म्हणजे प्रत्याम्नायाचीच नवी आवृत्ती, असे प्रथमदर्शनी वाटते. आमचे मत तसे नाही, आणि त्याचे कारण एका शब्दात आहे: मर्यादा. प्रत्याम्नायात गावातील पापांची एकूण बेरीज कोणी ठरवून दिलेली नव्हती. शंभरांनी गोदान केले तर शंभर पापे माफ. सुरतेत बेरीज आधी ठरते. एकाने अधिक धूर सोडायचा तर दुसऱ्या कोणीतरी तितकाच कमी सोडलेला असला पाहिजे. पैसा हातोहात फिरतो, पण आकाशात जाणाऱ्या धुराचे माप वाढत नाही. परवाना विकणारा येथे पुण्याचा व्यापार करत नाही, त्याने आवरलेल्या धुराचे मोल घेतो. ही मर्यादा सैल झाली किंवा ‘उद्योगाच्या अडचणी’ पाहून वाढवली गेली, तर मात्र हा बाजार त्याच दिवशी निव्वळ प्रत्याम्नाय होईल.

एक बारीक आक्षेप तरीही उरतो, आणि प्रबंधकर्त्यांनी त्यास फारशी जागा दिलेली नाही. बेरीज तीच राहिली तरी धूर कोठे पडतो हे बदलू शकते. जो कारखाना परवाने विकत घेतो, त्याच्या भिंतीलगत जर कामगारांची चाळ असेल, तर सबंध शहराची हवा सुधारल्याचा तिला काय उपयोग? जुना नियम, तो पाळला गेला असता तर, निदान प्रत्येक धुराड्यास लागू होता. ‘पाळला गेला असता तर’ हे शब्द जड आहेत हे मान्य. पण सरासरी सुधारली म्हणून प्रत्येकाचा श्वास सुधारला असे होत नाही, हे विसरता येत नाही.

यश बाजाराचे की आणखी कशाचे, असाही वाद घालण्यासारखा आहे. कोणी म्हणेल, मोजण्याचे यंत्र बसले, चोरी उघडी पडली, म्हणून धूर कमी झाला. बाजाराचे नाव उगाच. हे टिकणारे नाही. यंत्रे दोन्ही गटांत बसली होती. केवळ मोजमापाने काम भागते, तर दुसऱ्या गटाचा धूरही तितकाच उतरला असता. आमच्या मते मर्म आहे ते दंडाच्या घडणीत. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याची मूळ घडण फौजदारी. कारखाना बंद करा, वीज तोडा, मालकास न्यायालयात खेचा. शस्त्र इतके जबर की ते म्यानातून काढण्यास अधिकारी कचरे. मर्यादेहून थोडा अधिक धूर सोडणाऱ्याची गिरणी बंद पाडून पाचशे कामगार रस्त्यावर आणायचे काय? मग बहुधा काहीच होत नसे. आणि मर्यादेच्या पाचपट सोडणाऱ्यासही काही होत नसे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने या जुन्या कायद्यातील पुष्कळ ठिकाणी तुरुंगाच्या जागी आर्थिक दंड आणला, तो याच अनुभवामुळे असावा. सुरतेच्या योजनेने किलोमागे दर लावला. जितका धूर तितके देणे. कमी नाही, जास्त नाही, आणि चुकवता येणार नाही असे.

त्याहून एक गंमत अशी की धूर गाळण्याची साधने बहुतेक कारखान्यांत पूर्वीपासूनच होती. राख खाली पाडणारे चक्रवाती नळकांडे, कापडी पिशव्यांची गाळणी, पाण्याचा फवारा हे सर्व मंडळाच्या संमतिपत्रासाठी उभारलेले असे. पण गाळणीच्या पिशव्या फाटतात, त्या बदलाव्या लागतात. पंख्यास वीज लागते. साधन असावे असा नियम होता. ते रोज नीट चालवल्याने कोणाच्या खिशात एक पैसाही पडत नव्हता. देव्हाऱ्यात समई आहे की नाही एवढेच पाहिले आणि तेल कोणी पाहिले नाही, तर वात जळेल कशी? किलोमागे दर लागताच त्याच साधनांच्या देखभालीस मोल आले.

येथवर आम्ही प्रबंधाच्या बाजूने लिहिले. आता त्याची उणीव, आणि ती लहान नाही.

सुरतेच्या बाजारात जे विकले जाते ते धूलिकण. डोळ्यांस दिसणारा, छातीत बसणारा, वाळत घातलेल्या धुण्यावर पडणारा धूर तो हाच. त्याचे निवारण हे पहिले कर्तव्यच होते. पण पृथ्वी तापवणारा वायू निराळा. तो रंगहीन आहे, गंधहीन आहे आणि कोणत्याही पिशवीच्या गाळणीत तो अडकत नाही. रसायनाचा हिशेब सरळ आहे: १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. ज्या कोळशात निम्मा कार्बन, त्याचा एक टन जाळला की या वायूचे सुमारे १,८०० किलो आकाशात जातात. म्हणजे जाळलेल्या जिनसाहून उत्सर्ग जड. धुराडे काळे दिसो वा स्वच्छ, या आकड्यात फरक पडत नाही. किंबहुना धुराडे स्वच्छ दिसू लागले की कोळशाविषयीचा लोकांचा राग ओसरतो, तक्रारी थांबतात, आणि तोच बॉयलर आणखी वीस वर्षे निर्वेधपणे चालतो. या योजनेच्या यशातच हा धोका दडलेला आहे. धूलिकणांपुरता हेतू ठेवून केलेल्या कामास दुसऱ्या हेतूने दोष देणे अन्यायाचे होईल, हे आम्ही जाणतो. दोष देतो तो ती योजना ‘हवामानबदलावरील उपाय’ म्हणून सभांतून मिरवणाऱ्यांस.

आणि सुरतेस तरी हवामानबदलाचा प्रश्न दूरचा नाही. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला. त्या पुराचे सारे खापर तापमानवाढीवर फोडणे प्रामाणिक होणार नाही. धरण किती भरू द्यायचे आणि पाणी केव्हा सोडायचे यावरून तेव्हाच मोठा वाद झाला. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्राचे गणित आहे. मुलताईपासून खानदेशापर्यंतच्या खोऱ्यात एकाच वेळी अतिवृष्टी झाली की ते पाणी हतनूर आणि उकाईवाटे शेवटी सुरतेच्याच उंबऱ्याशी येते. जेथे कोळसा जळतो, तेथेच पाणी चढते, असा योग फार थोड्या गावांच्या वाट्यास आला असेल.

मग वाफेसाठी करायचे काय? सुरतेच्या आसपास काही शोभेचे प्रयोग झाले आहेत. कवास येथील वीजकेंद्राच्या आदित्यनगर वसाहतीत २०२३ पासून स्वयंपाकाच्या नळाच्या वायूत हायड्रोजन मिसळतात. तो सूर्याच्या विजेने पाण्यापासून काढलेला. देशातील हा पहिला प्रयोग म्हणून त्याचा गौरव झाला. गौरव करावा, पण गणितही करावे. आकारमानाने ५ टक्के मिसळ म्हणजे उष्णतेने ५ टक्के नव्हे; तितक्याच जागेत हायड्रोजनची उष्णता नैसर्गिक वायूच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच भरते. म्हणजे मूळ वायूची बचत जेमतेम पावणेदोन टक्के. वसाहतीचे नाव मात्र सुरेख निवडले आहे.

आमच्या वाचकांस याहून जवळचे उदाहरण शिर्डीचे. तेथील संस्थानाच्या प्रसादालयात २००९ साली ७३ अन्वस्त आरशांची मांडणी झाली. त्यांनी एकवटलेल्या उन्हावर वाफ होते आणि तिच्यावर सहस्रावधी भक्तांचा भात-आमटी शिजते. त्याआधी २००२ साली तिरुमलेस अशीच, १०६ आरशांची, व्यवस्था झाली होती. हे आरसे बसवणारे कारखानदार सुरतेच्या शेजारच्या वलसाडचे. देवाचे स्वयंपाकघर आणि पॉलिएस्टरचा रंगहौद यांची गरज एकच आहे, वाफ; म्हणून ही तुलना आम्हांस मोलाची वाटते. पण ती ताणू नये. शिर्डीच्या त्या साऱ्या आरशांतून भर दुपारीही ताशी एक टनाहून कमी वाफ निघणार, असे आरशांच्या क्षेत्रफळावरून दिसते. मध्यम आकाराच्या रंगाईच्या गिरणीचा बॉयलर ताशी कित्येक टन वाफ देतो, आणि तो रात्रीही देतो, श्रावणातही देतो. देवस्थानास दुपारचा महाप्रसाद दुपारीच शिजवायचा असतो. व्यापाऱ्याची मागणी सूर्य पाहून येत नाही. छपरावरची जागाही अपुरी. तेव्हा आरशांनी बॉयलरमध्ये जाणारे पाणी आधी तापवून द्यावे आणि उरलेले काम दुसऱ्यावर सोपवावे, हे शक्य आहे. त्याने कोळसा थोडा वाचेल, संपणार नाही.

अधिक फळ देणाऱ्या गोष्टी याहून नीरस आहेत. वाफ आपले काम करून पाणी होते. ते ऊन पाणी गटारात न सोडता बॉयलरकडे परत नेणे. रंगाईचे सांडपाणी कढत असते. त्याची उष्णता नव्या पाण्यास देणे. नळांना जाड वेष्टन घालणे. कमी पाण्यात रंगवणारी यंत्रे घेणे, कारण जे पाणी नाही ते तापवावेही लागत नाही. शंभर गिरण्यांनी शंभर लहान बॉयलर पेटवण्यापेक्षा एका मोठ्या सामाईक बॉयलरातून नळाने वाफ घेणे. सचिन येथे असा वाफेचा पुरवठा होतो. त्यात कोळसा सुटत नसला तरी तो कमी लागतो, आणि पुढे इंधन बदलायचे झाले तर एकाच ठिकाणी बदलावे लागते. ऐंशी-नव्वद अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी विजेवर चालणारे उष्णता-पंप मिळतात. गुजरातच्या वाऱ्याची आणि कच्छच्या उन्हाची वीज जसजशी वाढेल तसतसे ते खरोखर स्वच्छ होतील. हजिऱ्याचा नैसर्गिक वायू दाराशी आहे. तोही शेवटी खनिजच, पण तितक्याच उष्णतेस कोळशाच्या सुमारे निम्मा कार्बन सोडतो. शेतातील काड्या-कुट्याचे ठोकळे जाळता येतात, त्यांना धूलिकणांची गाळणी मात्र हवीच. यांपैकी एकाही गोष्टीचे उद्घाटन करण्यास कोणी मंत्री येणार नाही. नळास वेष्टन घातले म्हणून फीत कशी कापावी?

या गोष्टी आजच का होत नाहीत? काही ठिकाणी होतात, हे सांगितले पाहिजे. कोळसा महागला की मालकास उष्णतेचे मोल कळते आणि तो उतरला की विसरते. कार्बनचे मोल मात्र त्यास कोणीच विचारत नाही. केंद्र सरकारने २०२३ साली कार्बनच्या क्रेडिटांच्या व्यापाराची योजना काढली आणि ज्या उद्योगांस ती लागू व्हायची त्यांत कापड-उद्योगाचे नाव घातले. पण तिचे माप दर नगामागचे आहे: एक टन मालामागे किती वायू. माल दुप्पट झाला आणि दर नगामागचा वायू थोडा उतरला, तर नियम पाळला गेला आणि आकाशात वायू मात्र वाढला. धूलिकणांच्या बाजारात सुरतेने जी एकूण बेरजेची मर्यादा घातली, तीच येथे गळाली आहे. वर प्रत्याम्नायाविषयी जे लिहिले ते वाचकांनी येथे पुन्हा लावून पाहावे. शिवाय ही योजना मुख्यतः मोठ्या कारखान्यांसाठी; पांडेसऱ्याच्या गल्लीतील मध्यम गिरणी तिच्या जाळ्यातून बहुधा निसटेल.

म्हणून प्रबंधकर्त्यांस आमचे सांगणे असे की, ज्या ३१७ कारखान्यांची नाडी त्यांनी इतकी वर्षे धरली, तेथेच पुढचा प्रयोग कार्बनवर करावा, आणि तो परवान्यांच्या एकूण बेरजेनेच करावा. लिलावातून जो पैसा येईल तो कामगारांच्या वस्त्यांकडे वळवावा. लिंबायतच्या मायभगिनींनी या धुराचे देणे आजवर विनापावती भरले आहे. कारखानदार म्हणतील, पुन्हा नवे यंत्र, पुन्हा नवा खर्च. तशी गरज नाही. धूलिकण मोजण्यास धुराड्यात यंत्र लागते, कारण राख किती अडली आणि किती सुटली हे बाहेरून कळत नाही. कार्बन अडतच नाही. जितका कोळशात आत गेला तितका बाहेर आला. तेव्हा कोळशाचा नमुना एकदा प्रयोगशाळेत तपासावा, आणि मग फाटकावरील वजनकाट्याच्या पावत्या जमवाव्यात. त्या तपासण्यासाठी जो परीक्षक नेमायचा, तो चिठ्ठी टाकून नेमावा आणि त्याचे शुल्क सामाईक पेटीतून द्यावे.